सकाळची कॉफी प्लगवर सोपवताना

आमच्याकडे ड्रिप कॉफीचं यंत्र आलं त्या दिवशी आई शेजारी उभी राहून बघत होती. पाणी गुरगुरतंय, थेंब पडताहेत, पाच मिनिटं झाली तरी भांडं अर्धंच. "अरे, एवढ्या वेळात चहाची दोन आधणं उतरली असती," ती म्हणाली. साताऱ्यात पाहुण्याला चहा घेणार का असं विचारत नाहीत, सरळ आधण ठेवतात. अशा गावात कॉफी पिणाऱ्याला एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

पण तिच्या बोलण्यात तथ्य होतं. कॉफीत कंटाळा येतो तो वाट बघण्याचा. मी पहाटे टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चालायला जातो, परत येतो तेव्हा अंग घामाने निथळत असतं, आणि त्या वेळी ओट्याशी उभं राहून थेंब मोजायची ताकद नसते. म्हणून यंत्र स्मार्ट प्लगवर, म्हणजे फोनवरून चालू-बंद करता येणाऱ्या प्लगवर, टाकायचं ठरवलं. पहिल्या महिन्यात कॉफी वेळेवर मिळाली आणि चव गेली. आता दोन्ही मिळतं, ते का, हे खाली लिहितो. हिशोब एवढाच की चव ठरवणारी कामं (दळणं, मोजणं, पाणी निवडणं) आपल्या हातात ठेवायची आणि चालू करणं, मध्ये थांबवणं, वेळेवर बंद करणं ही कामं यंत्राला द्यायची. मी सुरुवातीला उलटं केलं होतं.

पहिली पायरी: यंत्र प्लगवर चालतं का ते बघा

नवीन काही विकत घेण्याआधी ही परीक्षा करा. यंत्रात पाणी भरा, यंत्राचं बटण चालू करा, मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा. दहा सेकंद थांबून बोर्डाचं बटण पुन्हा लावा. यंत्राचा दिवा आपोआप लागला तर काम सोपं आहे. स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीवरचं बटण दाबणारा अदृश्य माणूस, त्याहून जास्त काही नाही.

दिवा लागला नाही, पुन्हा बोटाने दाबावं लागलं, तर तुमच्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक बटण आहे. त्याला प्लगचा उपयोग नाही. अशा यंत्रांवर चिकटवायचं एक छोटं यांत्रिक बोट मिळतं, फोनवरून सांगितलं की ते बटण दाबतं. चालतं, पण मला ते खेळण्यासारखं वाटतं. यंत्र अजून घ्यायचंच असेल तर खटकन वरखाली होणाऱ्या साध्या बटणाचं स्वस्त मॉडेल घ्या. आमच्या उपयोगाला महागडं, पडदा असलेलं यंत्र उलट गैरसोयीचं.

कुणी म्हणेल, यंत्र उघडून आत रिले (विजेने चालू-बंद होणारं बटण) बसवू. नको. २३० व्होल्ट आणि पाणी एकाच प्लास्टिकच्या डब्यात आहेत, तिथे हात घालायची हौस माझ्याकडे नाही, तुम्हीही करू नका.

दुसरी पायरी: आत काय होतं ते समजून घ्या

यंत्राच्या बुडाशी घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली ॲल्युमिनियमची नळी असते आणि तिला चिकटून हीटर. टाकीतलं पाणी या नळीत येतं, उकळतं, वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात आणि ते पुडीवर पडतं. परत टाकीत जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटी झडप. पंप वगैरे काही नाही. भांड्याखालची तवी तापते तीही याच हीटरने. म्हणजे कॉफी उतरून झाली तरी यंत्र चालू असेपर्यंत भांडं तापतच राहणार, आणि कॉफी करपट होत जाणार. वीस-पंचवीस मिनिटं तवीवर राहिलेली कॉफी आणि दुपारी पुन्हा उकळलेला सकाळचा चहा, दोघांची जात एकच.

तापमानाचं म्हणाल तर स्पेशालिटी कॉफी असोसिएशन घरगुती यंत्रांना प्रमाणपत्र देताना पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस आणि पाणी-पुडीची गाठ ४ ते ८ मिनिटं, अशी अट लावते. स्वस्त यंत्रात सुरुवातीचं पाणी याहून बरंच थंड पडतं, कारण नळी आणि प्लास्टिक आधी स्वतः तापतं. दोनच कप केले तर यंत्र तापेपर्यंत पाणी संपलेलं असतं. म्हणून निम्म्याहून कमी टाकी भरून करू नका.

थर्मामीटरने मोजणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. मी स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर आणून उकळत्या पाण्यात घातला तर तो ९८च्या वर जाईना. दुकानात परत द्यायला निघालो होतो. मग डोक्यात प्रकाश पडला: सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास उंच आहे, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. थर्मामीटर बरोबर होता. महाबळेश्वरला तर पाणी ९५-९६ अंशांतच उकळतं, तिथे अगदी उकळतं पाणी ओतलं तरी ते कॉफीच्या मापातच बसेल.

तिसरी पायरी: प्लग

यंत्राच्या बुडाला वॅट लिहिलेले असतात. माझं ८०० वॅटचं आहे. २३० ने भागलं की साडेतीन अँपिअर. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग त्याला पुरतो. नावाजलेल्या कंपनीचा, आयएसआय खूण असलेला घ्या. शक्य असेल तर वॅट मोजून दाखवणारा घ्या, त्याचा उपयोग पुढे येईल. तीन पिनचाच हवा, अर्थिंग चालू असलेल्या सॉकेटमध्ये हवा, आणि मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर मुळीच नको. शेगडीपासून आणि सिंकपासून लांब ठेवा. एवढं पाळलं की या पायरीत विशेष काही उरत नाही.

जोडताना घरोघरी एकच अडचण येते. हे प्लग बहुतेक करून २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात आणि तुमचा फोन ५ वर बसलेला असतो. प्लग सापडत नाही, माणूस वैतागतो, प्लग खराब म्हणून शिव्या देतो. राऊटरमध्ये २.४ वेगळ्या नावाने चालू करा, फोन त्यावर न्या, मग जोडा.

जोडल्यावर दोन गोष्टी लगेच तपासा. पहिली: वीज जाऊन आल्यावर प्लग कुठल्या अवस्थेत येतो? ॲपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो, तो 'बंद' वर ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. प्लग 'चालू' अवस्थेत जागा झाला तर दुपारी तीनला कोरडं यंत्र तापत बसेल. दुसरी: राऊटर बंद करून बघा, ठरलेली वेळ तरीही पाळली जाते का. काही प्लग वेळ स्वतःच्या पोटात साठवतात, काही प्रत्येक वेळी इंटरनेटला विचारतात. पहिल्या जातीचा उत्तम.

इन्व्हर्टरवर मात्र हे यंत्र लावू नका. दिवे-पंखे चालवणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरचा ८०० वॅटच्या हीटरने जीव जातो. वीज नसेल त्या दिवशी चहा. आई खूश.

चौथी पायरी: रात्रीची शिस्त

इथे माझी फजिती सांगतो. एका रात्री भांडं घासून जाळीत पालथं घातलं आणि झोपलो. सकाळी प्लगने आपलं काम चोख केलं. भांडं जागेवर नसलं की ठिबकणं थांबवणारी झडप बंद राहते, तशी ती राहिली, पाणी वरून येतच राहिलं, गाळणीची टोपली भरून वाहिली. फिरून आलो तर ओट्यावरून चोथ्यासकट कॉफी खाली फरशीवर, तिथून फ्रीजखाली. आईने काहीही न बोलता माझ्या हातात फडकं दिलं. ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून दोन नियम. एक, पाणी मोजायचं ते कॉफीच्या भांड्यानेच. भांड्याने टाकीत पाणी ओतायचं आणि हातासरशी भांडं तवीवर ठेवायचं. वेगळा तांब्या वापरला की भांडं जाळीत राहिलंच म्हणून समजा. दोन, यंत्राचं स्वतःचं बटण सगळं भरून झाल्यावरच चालू करायचं. पाणी आहे, पूड आहे, भांडं आहे, मग बटण. काही विसरलात आणि बटण लावलं नाहीत, तर प्लग आपल्या वेळेला चालू होईल आणि काहीच घडणार नाही. यंत्राचं बटण ही तुमची सही आहे, सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. आणि कॉफी घेतल्यावर बटण बंद करायचं, नाहीतर जुनीच सही दुसऱ्या दिवशी चालेल.

भांडं भरलंय की रिकामं हा प्रश्न तसा जुनाच आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, कारण जिने तुडवत जावं आणि भांडं रिकामं सापडावं याला ते कंटाळले होते. पुढे ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगभरातले लोक ते भांडं बघत बसले. एवढ्या विद्वानांनाही जे छळत होतं, ते आपण फडक्यावर निभावलं.

पाचवी पायरी: पूड, म्हणजे खरी चव

रात्री पूड टोपलीत भरून ठेवायची आणि सकाळी नुसतं चालू व्हायचं, हे ऐकायला छान वाटतं. मी महिनाभर तेच केलं. कॉफी सपक लागायची, आणि एकदा तर चक्क लसणाची लागली. रात्री आमटीला लसणाची फोडणी दिली होती आणि पूड उघड्या टोपलीत त्याच ओट्यावर होती. दळलेली कॉफी वास आणि दमटपणा दोन्ही ओढून घेते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नसतो.

मग एका रविवारी तीन कप केले. एक तेव्हाच दळून, एक रात्री दळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवलेल्या पुडीचा, एक रात्रभर टोपलीत राहिलेल्या पुडीचा. कोणता कुठला हे बायकोला आणि शेजारच्या काकांना सांगितलं नाही. टोपलीतला दोघांनीही लगेच बाजूला सारला. ताजा आणि डबीतला यांत काकांना फरक कळला नाही, बायकोला कळला, पण "चालेल" म्हणाली. एका घरातली परीक्षा, पण माझ्यापुरता निकाल लागला.

तेव्हा पहाटे निघण्याआधी दळून टोपलीत घाला. तास-दीड तासाने कॉफी होणार असेल तर फरक जाणवत नाही. पहाटे दळणाच्या आवाजाने घर जागं होत असेल तर रात्री दळून काठोकाठ भरलेल्या लहान डबीत ठेवा आणि सकाळी फक्त ओता. पंधरा सेकंदांचं काम आहे, तेवढं हाताने करा. दळणारा ग्राइंडरही प्लगवर लावायचं डोक्यात येईल. मी तो नाद सोडला: त्यातून पूड टोपलीत नेणारा मार्ग वाफेने ओला होतो आणि चिकटलेली पूड काढत बसणं हे दळण्यापेक्षा मोठं काम होतं.

मिक्सरमध्ये दळू नका. अर्धं पीठ आणि अर्ध्या कण्या होतात, पीठ कडू उतरतं आणि कण्या कच्च्या राहतात. जात्यासारखी चिरडणारी दातेरी चकती असलेला हातग्राइंडर घ्या. दळण उपम्याच्या रव्याइतकं हवं. पाणी टोपलीत साचून वर यायला लागलं तर अजून जाड, झरझर खाली जाऊन कॉफी पांचट लागली तर थोडं बारीक.

बी घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा आणि महिन्याभरात संपेल एवढंच घ्या. चिकमंगळूर आणि कोडगूचा अरेबिका आता घरबसल्या मागवता येतो. चिकोरीवालं पाकीट मात्र या यंत्राला नको. चिकोरी ही भाजलेली मुळी, तिच्यात कॅफीन नसतं. दक्षिणी फिल्टरमध्ये ती शोभते, पण ते मिश्रण इतकं बारीक दळलेलं असतं की कागदाची गाळणी तुंबते आणि फरशीवरचा प्रयोग पुन्हा होतो.

माप: एक लिटरला ५५ ते ६० ग्रॅम. मी ५०० मिलिलिटरला ३० ग्रॅम घेतो. चमच्याने नाही, वजनकाट्याने. दूध घालून पिणार असाल तर तेवढ्याच पाण्याला ४५ ग्रॅमपर्यंत जा, नाहीतर दुधात कॉफी हरवते. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे भांड्यात ५०० नाही, ४४०च्या आसपास उतरेल. दूध मात्र आधी ओतून ठेवायचं नाही, आयत्या वेळी फ्रीजमधून काढून तापवायचं.

सहावी पायरी: पाणी

आमच्या नळाला कासचं पाणी येतं. पठारावरचं पावसाचं साठलेलं पाणी, कॉफीला फार छान. मेहुण्याकडे बोअर आहे, तीच पूड, तेच यंत्र, तर कॉफी बोथट लागते आणि महिन्याभरात टाकीत पांढरा थर धरतो. विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. १५० च्या आसपास आदर्श, ७५ ते २५० चालतं. आरओचं पाणी बऱ्याचदा ५०च्या खाली असतं आणि तेही कॉफीला मानवत नाही, कारण चव ओढून काढायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. आरओ आणि बोअर मिसळून १००-१५० वर आणा, झालं. पाणी रात्री टाकीत भरून ठेवलं तर चालतं, पण रोज नवं. कालचं उरलेलं झाडांना.

सातवी पायरी: प्लगला कॉफी शिकवा

आता सगळ्यात मजेचा भाग. हाताने कॉफी करणारे आधी थोडंसं पाणी घालून पूड भिजवतात आणि अर्धा मिनिट थांबतात. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो फसफसून निघून गेला की पुढचं पाणी पुडीत नीट मुरतं. साधं यंत्र हे करत नाही, ते एका दमात पाणी सोडतं. पण आपल्याकडे चालू-बंद करणारा प्लग आहे ना!

आधी फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा: यंत्र चालू केल्यापासून पहिलं पाणी पुडीवर पडायला किती सेकंद, आणि पुडीच्या दुप्पट पाणी, म्हणजे ३० ग्रॅमला ६० मिलिलिटर, पडायला किती. यासाठी एकदा पूड न घालता पाणी खाली मापात धरा. माझ्या यंत्रात हे मिनिटभरात होतं. मग ॲपमध्ये क्रम लावा: प्लग चालू, ६० सेकंद थांब, बंद, ४० सेकंद थांब, चालू. बंद केल्यावरही नळीतल्या उष्णतेने थोडं पाणी वर येतंच, म्हणून आकडा दोन-चार दिवस मागेपुढे करून बघा. झाकण उघडल्यावर पूड सगळीकडून ओली आणि पावासारखी फुगलेली दिसली की आकडा जमला. कोपऱ्यात कोरडी राहत असेल तर पहिलं चालू पाच-दहा सेकंदांनी वाढवा.

शेवटचा टप्पा बंद करण्याचा. साधा मार्ग म्हणजे दुसऱ्यांदा चालू झाल्यावर सहा मिनिटांनी प्लग बंद. वॅट दाखवणारा प्लग असेल तर त्याहून नेमकं करता येतं. पाणी आहे तोवर यंत्र सलग ८०० वॅट ओढतं. पाणी संपलं की नळी जास्त तापते, आतला थर्मोस्टॅट हीटर तोडतो आणि आकडा धाडकन खाली येतो. 'वॅट ५० च्या खाली दहा सेकंद राहिले तर बंद' असा नियम केला की कॉफी उतरली त्या मिनिटाला तवी थंडावायला लागते. फक्त भिजवण्याच्या ४० सेकंदांत हा नियम झोपलेला हवा, नाहीतर सगळं तिथेच थांबेल. माझं दोनदा थांबलं. कॉफी उतरली की लगेच, आधी गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये ओतून ठेवा. हे काम आता आईने आपणहून घेतलंय.

ठरलेल्या वेळेपेक्षा मला फोनचं बटण बरं वाटतं. गप्पा मारणारा कुणी भेटला की परतायला उशीर होतो. मी उतरताना खाली रस्त्याला लागलो की क्रम सुरू करतो, घरी पोचेपर्यंत कॉफी तयार. पण घरात कोणीच नसेल तर लांबून हीटर चालू करायचा नाही, हे पक्कं.

आठवी पायरी: साफसफाई

महिन्यातून एकदा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड दोन चमचे एक लिटर पाण्यात विरघळवून यंत्रातून सोडा. अर्धं उतरलं की प्लग बंद करून पंधरा मिनिटं थांबा, मग उरलेलं. नंतर दोनदा साधं पाणी. बोअरवाल्यांनी दर पंधरा दिवसांनी. व्हिनेगरनेही होतं, पण वास आठवडाभर जात नाही. कॉफी व्हायला पूर्वीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागायला लागली तर समजा थर धरलाय. अशा वेळी सेकंदांचे आकडेही चुकतात, कारण साठ सेकंदांत ६० मिलिलिटर यायचं ते पाणी ४० मिलिलिटरच येतं. साफ केल्यावर पुन्हा एकदा मोजून घ्या.

आणि बाहेरगावी जाताना प्लगची वेळ बंद करा, टाकी ओता, टोपलीतला चोथा कुंडीत टाका आणि झाकण उघडं ठेवा. गेल्या गणपतीत आम्ही चार दिवस गावी गेलो होतो, आलो तेव्हा टोपलीत हिरवी मखमल उगवलेली होती.